तुम्हाला न आठवणारी ती पाच मिनिटं

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

एका कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं खिडकीवर बसलो. प्रवेश, परीक्षेचे फॉर्म, दाखले, फी, सगळं त्याच खिडकीतून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.

महिन्याभरापूर्वी डोळे तपासायला गेलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, त्यामुळे समोरचं सगळं धूसर. शेजारी एक म्हातारे गृहस्थ फाइल छातीशी धरून उभेच होते, सारखे दाराकडे बघत. मी म्हटलं, ‘बसा आधी. नंबर कुठे जात नाही.’ तर समोरून एका बाईंचा आवाज आला, ‘सर, तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात होतात ना? आवाजावरून ओळखलं.’

मग त्यांनी सांगितलं. १७ वर्षांपूर्वी परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. त्यांचे वडील जाऊन तीन आठवडे झालेले. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना त्या पोचल्या. फॉर्मवर पालकांची सही नव्हती, आणि का नाही हे सांगायला गेल्या तर शब्दच फुटेना. मी म्हणे बाजूचं दार उघडून त्यांना आत घेतलं, स्टूल दिलं आणि म्हटलं, ‘बस आधी. पाणी पी. फॉर्म कुठे जात नाही.’ त्यांचं पेन उमटत नव्हतं, तर माझं दिलं. आईची सही चालेल, ती उद्या सकाळी आणून दे, फॉर्म मी आज घेऊन ठेवतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सर, त्या दिवशी परत पाठवलं असतंत तर मी पुन्हा कॉलेजात पाऊल ठेवलं नसतं. आता मी स्वतः शिकवते. वर्गात कुणी घाबरलं की मी तेच म्हणते, बस आधी.’

ताई, मला यातलं काहीही आठवत नाही. तरी मी ‘हो हो, आठवतंय ना’ म्हणून गेलो. तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. नाव विचारायचं राहिलं, चेहराही नीट दिसला नाही.

तेव्हापासून झोप लागत नाही. कारण मी तापट माणूस होतो. ‘वाचता येत नाही का?’ हे वाक्य मी त्या खिडकीत किती वेळा म्हटलं असेन त्याला गणती नाही. एका मुलाचा फॉर्म मी सगळ्या रांगेसमोर खिडकीतून बाहेर सारला होता. फोटो चुकीच्या जागी चिकटवला, एवढंच. तो काही बोलला नाही. वळला, तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. ते कान मला अजून दिसतात. तो परत आला की नाही, माहीत नाही.

(नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फीच्या हिशेबात माझ्या हातून मोठी चूक झाली होती. तेव्हा आमचे हेडक्लार्क रात्री साडेनऊपर्यंत माझ्याशेजारी बसून वह्या जुळवत होते, आणि दुसऱ्या दिवशी कुणापाशी अक्षर बोलले नाहीत. आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडूनच शिकायला हवं होतं मी.)

तर विचारायचं असं. मी त्या बाईंशी खोटं बोललो, ते चुकलं का? जे आठवतही नाही त्याचं कौतुक माझं कसं? आणि माझे चार शब्द १७ वर्षं टिकले असतील, तर बाकीचे शब्दही कुठेतरी टिकलेच असणार. ते कुणाकडे आहेत?

– खिडकीआतला

उत्तर

प्रिय ‘खिडकीआतले’,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या मुलीसाठी, दुसऱ्यांदा त्या मुलाच्या कानांसाठी, आणि तिसऱ्यांदा तुम्ही कंसात टाकलेल्या त्या चार ओळींसाठी. कंसाकडे मी शेवटी येणार आहे. माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

आधी खोटं बोलण्याचं. ते मनाला लावून घेऊ नका. थेंब घातलेले डोळे, समोर भरल्या गळ्याने बोलणारी अनोळखी बाई, अशा वेळी माणूस ‘हो हो’ म्हणूनच जातो. पण संधी मिळाली तर खरं सांगा. नंतर कळल्यावर तिचा विरस होईल अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर माझं मत उलट आहे. ‘मला आठवत नव्हतं’ याचा अर्थ तिच्या लक्षात येईल, तो असा की हे तिच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं नव्हतं, कुणीही आलं असतं तरी या माणसाने दार उघडलं असतं. ज्या मुलीला त्या दिवशी आपली दया केली जाते आहे असं वाटण्याची धास्ती असेल, तिला हे ऐकून बरंच वाटेल.

आणि संधी तुम्ही घडवूही शकता. त्या दवाखान्यात तुमची तारीख, वेळ नोंदलेली असणार, तिचीही. तिचं नाव किंवा नंबर मागू नका, त्यांनी तो देऊही नये. पण एक बंद पाकीट ठेवून ‘त्या दिवशी त्या वेळेला ज्या बाई होत्या, त्या पुन्हा आल्या तर द्याल का?’ एवढं विचारता येतं. नाही म्हणाले तर नाही. आत दोन ओळी, खाली तुमचं नाव. पुढचं तिच्यावर सोडा.

आता आठवण्याचं. तिला लख्ख आठवतं आणि तुम्हाला काहीच नाही, यात तुमचा दोष नाही, तिची अतिशयोक्तीही नाही. तुमच्यासाठी तो शेवटच्या तारखेचा एक दिवस होता. असे दिवस ३१ वर्षांत किती गेले असतील! तिच्यासाठी तो वडील गेल्यानंतर एकटीने बाहेरच्या जगाशी बोलायचा दिवस होता. माणूस घाबरलेला किंवा दुःखात असतो तेव्हा शरीरात ॲड्रेनलीनसारखी द्रव्यं वाढतात आणि मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग त्या क्षणाची आठवण पक्की करायला लावतो. रोजच्या कामाला हा शिक्का बसत नाही. एकाच खोलीत, एकाच स्टुलाच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं होतात आणि तो शिक्का फक्त एकाच बाजूला बसला.

अशा आठवणींना रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली ‘फ्लॅशबल्ब’ आठवणी असं नाव दिलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा तशा लख्ख. पुढच्या संशोधनात मात्र असं दिसलं की माणसाला अशा आठवणीची खात्री जेवढी असते, तेवढा तपशील दर वेळी बरोबर असतोच असं नाही. म्हणजे कदाचित पेन तुमचं नसेल, टेबलावरचं असेल. कदाचित पाण्याचा ग्लास दुसऱ्या कुणी भरून आणला असेल. तिच्या सांगण्यातला एखादा तुकडा इकडचा तिकडे झाला असेल, तर होऊ दे. ‘मला बसवलं, परत पाठवलं नाही’ हा गाभा तिने १७ वर्षं जपला आहे आणि त्यावर उभं राहून ती आज मुलांना शिकवते आहे.

‘पण तो मीच कशावरून?’ असं तुमच्या मनात येत असेल. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्हाला ते दिसलेलं नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना तुम्ही काय म्हणालात? ‘बसा आधी. नंबर कुठे जात नाही.’ आणि १७ वर्षांपूर्वी तिला? ‘बस आधी. फॉर्म कुठे जात नाही.’ हे एकच वाक्य आहे. तुम्हाला त्या दिवशी स्वतःलाच नीट दिसत नव्हतं, खिडकी नव्हती, खुर्ची नव्हती, कुणी तुमच्याकडे काही मागायला आलं नव्हतं, तरी उभ्या असलेल्या माणसाची तगमग तुम्हाला जाणवली आणि तोंडातून तेच निघालं. सवयीच्या गोष्टी माणसाला आठवत नाहीत. आज सकाळी दाराची कडी कुठल्या हाताने काढलीत, सांगता येईल का? तुम्हाला तो प्रसंग आठवत नाही याचं एक कारण मला हे दिसतं की ते तुमच्या हाताच्या वळणाचं होतं. कौतुक तुमचं कसं, या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

त्या पाच मिनिटांत तुम्ही नेमकं काय केलंत, तेही एकदा सावकाश बघू या. चांगुलपणाबद्दल आपण फार ढोबळ बोलतो. तुम्ही तिला ‘काय झालं?’ असं विचारलं नाहीत. जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तिला प्रश्न विचारणं म्हणजे आणखी एक फॉर्म भरायला लावणं. सांत्वनही केलं नाहीत. दार उघडलंत, म्हणजे रांगेच्या नजरांपासून तिला बाजूला घेतलंत. बसवलंत, कारण पाय थरथरत असताना माणसाला विचार करता येत नाही. पाणी दिलंत, म्हणजे बोलण्यावाचून एक मिनिट काढायची सोय केलीत. आणि मग तिची खरी अडचण सोडवलीत: आईची सही चालेल, उद्या आण, फॉर्म आज माझ्याकडे राहील. नियम न मोडता त्याच्या आत जेवढी जागा होती तेवढी तिला दिलीत. ‘फॉर्म कुठे जात नाही’ हे नुसतं धीर देणं नव्हतं. तो फॉर्म खरोखरच कुठे जाणार नाही, याची व्यवस्था तुम्ही केलीत. नुसत्या गोड शब्दांनी तिची परीक्षा बुडालीच असती.

हे मला इतकं आतून कळतं, त्याला कारण आहे. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा पहिल्या रात्री मी कॉटशेजारच्या खुर्चीत नुसती बसून होते. कुणाला काय विचारायचं तेही सुचत नव्हतं. पलीकडच्या पेशंटबरोबर एक बाई होत्या. दोन आठवडे तिथे काढलेल्या. पहाटे त्यांना घरी जायचं होतं. जाताना त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आणि निघून गेल्या. औषधाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं: ‘डॉक्टर साडेनऊला येतात, दोनच मिनिटं थांबतात. प्रश्न आधी लिहून ठेवा. सही करायला कागद दिला तर पूर्ण वाचा, घाई करू नका. रात्रीच्या सिस्टर चांगल्या आहेत, त्यांना विचारलं तर सांगतात. तुम्हीही थोडं खा.’ शेवटच्या ओळीपाशी पेनाची शाई संपत आली होती, ‘खा’ नुसता ओरखडा होता. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांनाही ती चिठ्ठी आठवत नसणार. माझ्याकडे ती अजून आहे, घड्यांवर फाटली म्हणून मागून पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे. आई त्या आजारातून उठली नाही. पण त्या नऊ दिवसांत मी रोज साडेनऊला प्रश्नांचा कागद हातात घेऊन उभी होते, ती त्या चिठ्ठीमुळे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्याने तुमची झोप उडवली आहे. बाकीचे शब्द कुणाकडे आहेत?

मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ते काही लोकांकडे आहेत. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरचं तोवरचं बरंचसं संशोधन एकत्र तपासलं आणि त्यातून सातत्याने हेच दिसलं की वाईट अनुभवाचं वजन तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा जास्त असतं. टोचलेलं बोलणं मनात जास्त काळ राहतं. मुलीला ज्या कारणाने सगळं आठवतं, त्याच कारणाने त्या मुलालाही आठवत असण्याची शक्यता आहे. अख्ख्या रांगेसमोर झालेला अपमान होता तो.

यात एक गोष्ट मात्र तुम्ही समजून घ्यावी असं मला वाटतं. तुम्ही स्वतःला तापट म्हणता. तुम्ही तापट असालही. पण जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतल्या एका धर्मशिक्षण संस्थेत एक प्रयोग केला होता, १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे धर्मोपदेशक होणारे ४० विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचं होतं. काहींना तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूच्या गोष्टीवरच बोलायचं होतं. वाटेत एका दाराशी एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. कोण थांबतं? भाषणाचा विषय काय, याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के.

तुमची खिडकी म्हणजे ‘उशीर झालाय, पळा’ असं दिवसभर कुणीतरी कानात ओरडत असल्यासारखीच जागा. एका बाजूला रांग, दुसऱ्या बाजूला वरून येणाऱ्या तारखा. तिथे बसलेल्या माणसाचा तोल जातो. याने त्या मुलाचा अपमान पुसला जात नाही, आणि हे मी तुम्हाला सूट म्हणून सांगत नाही. पण ‘मी मुळात वाईट आहे आणि त्या मुलीला काहीतरी चुकून मिळालं’ असा जो हिशेब तुम्ही रात्री जागून मांडता आहात, तो चुकीचा आहे. तोच माणूस, तीच खिडकी. एके दिवशी दार उघडलं, एके दिवशी फॉर्म बाहेर सारला. दोन्ही तुम्हीच, आणि दोन्ही खरं.

त्या मुलाचं काय करायचं? तो कुठे आहे हे कळायचा सरळ मार्ग असेल, ओळखीतून, जुन्या विद्यार्थ्यांतून, तर जरूर कळवून घ्या. जुने रेकॉर्ड उघडून शोधू नका, आता तो अधिकार तुम्हाला नाही. सापडला तर तीन वाक्यं पुरेत: मी अमुक, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझा फॉर्म असा सारला, ते चुकीचं होतं. त्यापुढे रांगेबद्दल, तारखेबद्दल, तुमच्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर नको. ‘माफ केलंस का?’ असंही विचारू नका. त्याला उत्तर द्यावंसं वाटलं तर देईल, नाही तर नाही. वर्षानुवर्षं गिळलेला अपमान कुणीतरी स्वतःहून मान्य केला, एवढ्यानेही माणसाच्या मनातली गाठ थोडी सैल होते.

सापडला नाही, तर ते ओझं तुम्हाला बाळगावं लागेल. त्याच्या बदल्यात दुसऱ्या दहा जणांशी गोड बोलेन, असं मनाशी ठरवू नका. तुम्ही हिशेबातले माणूस आहात, तुम्हाला कळेल: एकाच्या खात्यातली बाकी दुसऱ्याच्या खात्यात वळती करता येत नाही. दहा जणांशी चांगलं वागायचं ते त्या दहा जणांसाठी. त्या मुलाचे कान दिसत राहतात, हे मला तुमच्यातलं चांगलं लक्षण वाटतं. ज्यांना दिसत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते.

पत्रात तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण मला ऐकू आलं: आता खिडकीच राहिली नाही, मग मी कुणासाठी काय करू? त्यावर एक खरी हकिकत सांगते. जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोत होते. नैराश्याने किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दवाखान्यात दाखल झालेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे किंवा अर्ध्यावर सोडणारे असे ८४३ लोक त्यांनी अभ्यासासाठी घेतले. १९६९ पासूनचं हे काम. सोडत काढल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला पाच वर्षांत मिळून २४ छोटी पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नाही, तपासणीला या असा आग्रह नाही. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आवडेल, एवढाच आशय. हे २००१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालं. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे कमी. चार ओळींची, काहीही न मागणारी पत्रं होती ती. पण पाठवायचं कुणी थांबवलं नाही.

तुम्हाला पत्रंच लिहायला हवीत असं नाही. तुम्हाला फॉर्म कळतात! ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे खिडकीच्या आत बसणाऱ्याला कळत नाही, बाहेरच्याला कळतं. दवाखान्यात, बँकेत, कुठल्याही कार्यालयात एक तरी माणूस हातात कागद घेऊन तसाच उभा असतो, छातीशी फाइल धरून. तुम्ही त्याला लांबून ओळखता. त्याच्या शेजारी बसून ‘हे इथे लिहा, इथे सही, याची एक झेरॉक्स लागेल’ एवढं सांगा. आठवड्यातून एक सकाळ पुरे. रोज जाऊ नका, नाही तर तीच पुन्हा खिडकी होईल आणि तीच घाई येईल.

आणि आता कंस.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री साडेनऊपर्यंत तुमच्याशेजारी कुणीतरी बसून होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्षर काढलं नाही. तुम्ही लिहिता, ‘त्यांच्याकडूनच शिकायला हवं होतं मी.’ अहो, शिकलातच की. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी आधी बसायचं आणि मग कागद जुळवायचे, हे तुम्ही त्या रात्रीच शिकला असाल असं मला वाटतं. ते त्या मुलीपर्यंत गेलं, आणि तिच्याकडून ते आता तिच्या वर्गात जातं आहे. ही सगळी साखळी ज्यांच्या टेबलापाशी सुरू झाली, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. ते ८४ वर्षांचे आहेत, हयात आहेत, आणि तुम्हाला त्यांचं वयसुद्धा पाठ आहे.

त्यांना हे कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी नाही असं दिसतं. का नाही, याचा अंदाजही बांधता येतो. इतक्या वर्षांनी काय बोलायचं, विचित्र वाटेल, त्यांना माहीतच असेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी नेमका हाच संकोच तपासला. लोकांना त्यांनी आपल्यावर उपकार केलेल्या कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला, आणि मग प्रत्यक्ष वाचणाऱ्यांना विचारलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना खूप जास्त आनंद झाला होता, आश्चर्यही जास्त वाटलं होतं, आणि अवघडलेपण लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी होतं. लिहिणारे शब्द बरोबर आहेत का या काळजीत असतात, वाचणारा त्यातली माया बघतो.

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांना १९५७ साली साहित्याचं नोबेल जाहीर झालं. वडील ते तान्हे असतानाच पहिल्या महायुद्धात गेले होते, आई घरकामं करायची, आजीचा विचार पोराने लवकर कामाला लागावं असा होता. लुई जर्मँ नावाच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी त्यांना जादा शिकवलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं, घरी जाऊन आजीची समजूत घातली. नोबेलचा गलबला जरा ओसरल्यावर, १९ नोव्हेंबर १९५७ ला, काम्यूंनी त्या मास्तरांना एक छोटं पत्र लिहिलं आणि तुमच्याशिवाय हे झालं नसतं, असं कळवलं. मास्तर तेव्हा हयात होते, पत्र त्यांच्या हाती पडलं. १९६० च्या जानेवारीत काम्यू मोटार अपघातात गेले, ४६ व्या वर्षी. लिहिणाराच आधी जाईल, असं त्या दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नसेल.

म्हणून पत्र नको, फोन करा. जवळ राहत असतील तर जाऊनच भेटा. दुपारची झोप झाल्यावरची वेळ बघा. ऐकू कमी येत असेल तर घरच्या कुणाला शेजारी बसायला सांगा. सुरुवातीला तब्येतीची चौकशी लांबवू नका, नाही तर तिथेच राहाल आणि मुद्द्यावर न येता फोन ठेवाल. पहिलंच वाक्य हे असू दे: ‘साहेब, फीच्या वह्या जुळवायला त्या रात्री तुम्ही माझ्याबरोबर साडेनऊपर्यंत बसला होतात.’

ते थोडा वेळ गप्प राहतील. मग बहुधा म्हणतील, ‘अरे, मला काही आठवत नाही.’ किंवा ‘हो हो, आठवतंय ना’ म्हणतील, आणि आवाजावरून तुम्हाला कळेल की आठवत नाहीये.

मग तुम्ही त्यांना सगळं सांगा. कुठली वही होती, दिवा कुठे होता, ते काय म्हणाले होते, तुमच्या हातापायांना कसा कंप सुटला होता. त्या मुलीचंही सांगा. घाई करू नका.

– तुमची ताई